केळं झाडाचं की मातीचं?

"केळं कशाला लागतं गं?"

शेजारच्या काकांनी विचारलं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. हातात त्यांनीच दिलेलं केळं होतं, अर्धं सोललेलं.

"झाडाला."

"चूक. मातीला."

मला वाटलं काका गंमत करतायत. पण पोस्टातून निवृत्त झालेला तो उंच, किरकोळ अंगाचा माणूस असल्या बाबतीत गंमत करणाऱ्यातला नव्हताच. त्यांनी नीट समजावून सांगितलं. आंबा उतरवला तरी झाड उभं असतं, पुढल्या वर्षी त्याच फांद्यांना पुन्हा मोहोर येतो. केळीचा घड उतरवला की ती केळ संपली. बुंधा तोडून टाकायचा, शेजारी मुनवा वर आलेला असतोच. म्हणून आंबा झाडाचा आणि केळं जमिनीचं. एवढं बोलून ते क्षणभर थांबले, ओठांतल्या ओठांत एक अनोळखी वाक्य म्हणाले, केळ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि पेपर उघडला.

पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकले, तीस वर्षं शिकवलं. केळीच्या खोडाला आम्ही खोटं खोड म्हणतो. एकमेकांवर घट्ट गुंडाळलेले पानांचे तळ असतात ते. दर वर्षी तो धडा आला की मला काका आठवायचे. वर्गात मात्र त्यांचं नाव कधी काढलं नाही. काय सांगणार होते? की पंधरा-सोळाशे वर्षांपूर्वी बाबिलोनमधल्या ज्यू पंडितांनी ही विभागणी केली होती, आणि तीही खोड कापून बघण्यासाठी नव्हे, तर खाण्याआधी देवाला कोणतं वाक्य म्हणायचं हे ठरवण्यासाठी?

आम्ही रास्ता पेठेत राहायचो. काका-काकू बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आडनाव कोकणातल्या गावावरून पडलेलं, शेवटी 'कर', त्यामुळे कितीतरी वर्षं मी त्यांना आमच्यातलेच समजत होते. माझी आजी अलिबागकडची. तिने एकदा सांगितलं, की आमच्या गावात यांना शनवार तेली म्हणत. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून द्यायचे. कॅम्पातलं डेव्हिड ससून यांनी बांधलेलं लाल देऊळ सगळ्या पुण्याला माहीत आहे, १८६७ सालचं. पण ते प्रार्थनाघर बगदादी ज्यूंचं. काका जायचे ते आमच्या पेठेतल्या छोट्या प्रार्थनाघरात.

शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटत नसे. काका मात्र दिवसभर काहीबाही तोंडात टाकत असायचे. सकाळी केळं, तासाभराने खजूर, मग मूठभर दाणे, दुपारी लवंग नाहीतर गुलाबाचं फूल नुसतं हुंगायचं. प्रत्येक वेळी आधी ते वाक्य. आणि दर वेळी त्याचा शेवट वेगळा.

"काका सारखे का खातात?" मी काकूंना विचारलं होतं.

"शंभर भरायचेत त्यांना," काकू म्हणाल्या.

याचा अर्थ कळायला मला चाळीस वर्षं लागली.

त्या वाक्याला बेराखा म्हणतात. आशीर्वचन म्हणू या, पण उलट्या दिशेचं. माणसाने देवाला दिलेलं. सुरुवात ठरलेली: 'धन्य तू, आदोनाय, आमच्या देवा, विश्वाच्या राजा.' पुढे जे हातात असेल त्याप्रमाणे. झाडाचं फळ निर्माण करणारा. जमिनीचं फळ निर्माण करणारा. भाकरी असेल तर 'जमिनीतून भाकरी काढणारा', द्राक्षाच्या रसाला वेगळं, पाणी, दूध, मासे यांना 'ज्याच्या शब्दाने सारं झालं'. दुसऱ्या शतकातल्या रब्बी (म्हणजे ज्यू धर्मपंडित) मेईरनी सांगून ठेवलंय, की माणसाने रोज शंभर बेराखा म्हटल्या पाहिजेत. त्यांचा आधार म्हणजे चक्क शब्दाचा खेळ आहे. 'देव तुझ्याकडे काय मागतो?' असं एक वचन आहे. त्यातला 'काय' म्हणजे हिब्रूत 'मा'. रब्बी म्हणाले, 'मा' नका वाचू, 'मेआ' वाचा. मेआ म्हणजे शंभर. झालं, शंभर मागतो.

आठवड्याच्या दिवशी हा आकडा सहज भरतो. दिवसातून तीन वेळा उभ्याने म्हणायची प्रार्थना असते, तिचं जुनं नाव 'अठरा', पण प्रत्यक्षात तिच्यात एकोणीस बेराखा आहेत. तीन वेळा एकोणीस म्हणजे सत्तावन्न, निम्म्याहून जास्त काम तिथेच. शनिवारी मात्र ही प्रार्थना आखूड होते, सात बेराखांची. आकडा कमी पडतो. मग तालमुदमधले, म्हणजे ज्यू पंडितांच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथातले, एक रब्बी शब्बाथला, म्हणजे शनिवारी, सुवासिक वनस्पती आणि खाऊ घेऊन बसायचे आणि तूट भरून काढायचे. तालमुदमधली ही ओळ मी इंग्रजी भाषांतरात वाचली आणि घरात एकटीच मोठ्याने हसले. काकांचा खजूर, काकांचे दाणे, काकांची लवंग! मी ज्याला खादाडपणा समजत होते तो हिशेब होता.

निवृत्तीनंतर मी हे वाचायला घेतलं. श्रद्धा म्हणून नाही. आमच्या घरी ताटाभोवती पाणी फिरवून, चार शितं बाहेर ठेवून, श्लोक म्हणून जेवायला बसत. मी कॉलेजात गेल्यावर ते सोडलं आणि परत धरलं नाही. मला कुतूहल होतं ते वर्गीकरणाचं. आमचा श्लोक सगळ्या ताटाला मिळून एक, वरणभाताला आणि केळ्याला तोच. या लोकांना प्रत्येक घासाची जात का ठरवायची होती?

बेराखांचे नियम ज्या ग्रंथात आहेत त्याचं नाव बेराखोत. ज्यू धर्मशास्त्राचा पाया म्हणजे मिश्ना, साधारण इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेली, आणि तिचा हा पहिला ग्रंथ. तो ज्या खंडात आहे त्या खंडाचं नाव मला फार आवडतं: झेराईम, म्हणजे बियाणं. बाकी खंड शेतीचा आहे. बांधाच्या कडेला गरिबांसाठी काय सोडायचं, कोणती दोन पिकं एकत्र पेरायची नाहीत. प्रार्थनेचं पुस्तक शेतीच्या दप्तरात लावलेलं.

आणि त्याची सुरुवात किती अधीर! प्रार्थना म्हणजे काय, का करायची, काही नाही. पहिलंच वाक्य प्रश्न आहे: संध्याकाळचा शमा कधीपासून म्हणायचा? शमा म्हणजे 'ऐक, इस्राएला, आदोनाय आपला देव, आदोनाय एक.' तो म्हणायचाच हे गृहीत, वाद फक्त वेळेचा. त्याच उताऱ्यात रब्बान गमलिएल यांची मुलं लग्नाच्या मेजवानीहून मध्यरात्र उलटून गेल्यावर घरी येतात आणि शमा राहिला म्हणून कबुली देतात. बाप म्हणतो, अजून पहाट झालेली नाही ना? मग म्हणा. सकाळचा शमा कधी? निळा आणि पांढरा धागा वेगळा ओळखू येईल तेव्हा. दुसरे रब्बी म्हणतात, छे, निळा आणि कांद्याच्या पातीसारखा हिरवा ओळखू येईल तेव्हा. आणखी एक मत, चार हातांवरचा ओळखीचा माणूस ओळखता येईल तेव्हा. झाडाच्या शेंड्यावर किंवा भिंतीवर काम करणाऱ्या मजुरांनी खाली उतरू नये, तिथूनच म्हणावा. हे सगळं वाचताना देवापेक्षा माणसांचीच जास्त ओळख होत होती मला.

खाण्याच्या बेराखांमागचं कारण मात्र मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा टोचलं. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत एका ठिकाणी म्हटलंय, पृथ्वी आणि तिच्यातलं सारं देवाचं. दुसऱ्या ठिकाणी म्हटलंय, आकाश देवाचं, पृथ्वी त्याने माणसांना दिली. मग खरं काय? तालमुदचं उत्तर: दोन्ही. पहिलं वचन बेराखेच्या आधीचं, दुसरं नंतरचं. म्हणजे वाक्य म्हणेपर्यंत हातातलं केळं देवाच्या मालकीचं. न म्हणता खाल्लं तर ती देवळातल्या मालाची अफरातफर. वाक्य म्हटलं की ते आपलं. मला आभार मानण्याची कल्पना अपेक्षित होती. इथे आभार दुय्यम निघाले. हे सात-बाराच्या उताऱ्यावर नाव चढवण्यासारखं आहे, घासागणिक.

मालकीचा प्रश्न म्हटला की वर्गीकरण आलंच. १५६५ साली व्हेनिसला छापलेल्या शुलहान आरुख या संहितेत केळ्याचं नाव घेऊन निवाडा दिलाय. अरबी नावाने, मौज म्हणून. जमिनीचं फळ. पपईवर अजून एकमत नाही, आणि पपईचं पोकळ खोड पाहिलेल्या कोणालाही त्या पंडितांची दया येईल. तांदळाची गोष्ट तर कोकणातल्या माणसाने ऐकावीच. शिजवलेल्या भाताला खाण्याआधी गव्हाच्या पक्वान्नांची मानाची बेराखा, कारण भातानेही पोट भरतं. पण खाऊन झाल्यावर त्याला साधी, सगळ्यांना लागू पडणारी बेराखा, कारण बायबलने गौरवलेल्या धान्यांत भात नाही. आत येताना पाहुणा, जाताना परका.

खाण्याखेरीजही बेराखा आहेतच. वीज चमकली, गडगडलं, इंद्रधनुष्य दिसलं, बऱ्याच दिवसांनी समुद्र दिसला. आमच्या गल्लीत तेव्हा अधूनमधून माहूत हत्ती घेऊन यायचा. आम्ही पोरं ओरडत मागे धावायचो, बायका नारळ द्यायच्या. एकदा काका गॅलरीत उभे होते. हत्ती खालून गेला तसे ते काहीतरी पुटपुटले. नंतर कळलं, हत्ती आणि माकड दिसल्यावर म्हणायचं वेगळं वाक्य आहे: 'निरनिराळे प्राणी घडवणारा'. बाबिलोनच्या पंडितांना हत्ती कितीदा दिसत असेल देव जाणे. पुण्यात तो कायदा खऱ्या अर्थाने उपयोगी पडला.

आणि संडासातून आल्यावरची बेराखा. यावर मी आधी नाक मुरडलं, खरं सांगते. मग शब्द वाचले: ज्याने माणसाला शहाणपणाने घडवलं, त्याच्यात छिद्रं आणि पोकळ्या निर्माण केल्या, त्यांतलं एक उघडलं किंवा एक बंद झालं तरी तुझ्यापुढे उभं राहणं अशक्य. वडिलांच्या शेवटच्या आजारात, लघवीची नळी लावलेली असताना, ती पिशवी रिकामी करताना हे शब्द मला फार वेळा आठवले. त्यात अध्यात्म कुठे शोधावं लागत नाही.

इथपर्यंत सगळं कायद्याचं. माझी समजूत अशी होती, की कायदा म्हणजे रुक्ष लोक आणि गूढवाद म्हणजे दुसरे, भावुक, डोळे मिटलेले. आपल्याकडेही शास्त्री वेगळे आणि संत वेगळे असं आपण सोयीने मानतो. ही समजूत योसेफ कारो या माणसाने मोडली.

केळ्याचा निवाडा देणारा शुलहान आरुख त्यांचाच. १४८८ चा जन्म, स्पेनमधून १४९२ साली ज्यूंची हकालपट्टी झाली तेव्हा चार वर्षांचे. पुढे तुर्की साम्राज्यात वाढले आणि शेवटी गॅलिलीतल्या साफेद या डोंगरावरच्या गावात स्थिरावले. शुलहान आरुख म्हणजे मांडलेलं मेज. आपण म्हणू, वाढलेलं पान. नेमका, कोरडा, कलमवार ग्रंथ. पुढे पोलंडमधल्या क्राकोच्या मोझेस इस्सर्लेस यांनी त्यात आपल्याकडच्या चालीरीतींची भर घातली आणि तिला नाव दिलं मेजावरचं कापड. इथवर ठीक. पण हेच कारो रात्री मिश्नाचं पठण करत आणि एक आवाज त्यांच्या तोंडून बोलू लागे. तो स्वतःला मिश्ना म्हणवायचा. साफेदला येण्याआधी शावुओत या सणाच्या एका रात्री त्यांचे मित्र श्लोमो अल्काबेत्झ यांनी तो ऐकला आणि पत्रात लिहून ठेवला. कारोंनी स्वतः त्या आवाजाची रोजनिशी ठेवली. आणि हा आवाज सांगतो काय? गुह्य तत्त्वं सांगतोच, पण जास्त खाण्यापिण्याबद्दल कानउघाडणीही करतो! दिवसा जो माणूस कोणत्या घासाला कोणतं वाक्य हे ठरवतो, त्याला रात्री कोणीतरी येऊन विचारतं, आज किती घास घेतलेस?

त्याच साफेदला १५७० मध्ये इसाक लुरिया आले. दोनच वर्षं जगले तिथे, अडतिसाव्या वर्षी साथीत गेले, स्वतः लिहिलं अगदी थोडं. शिष्य हायीम विताल यांनी जे टिपलं त्यावर पुढची चारशे वर्षं चालली आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सृष्टीच्या आरंभी दैवी प्रकाश धरणारी भांडी फुटली. प्रकाशाच्या ठिणग्या कवचांत अडकून सगळीकडे विखुरल्या. दगडात, भाजीत, फळात. बेराखा म्हणून, मन लावून खाल्लेला घास त्यातली ठिणगी सोडवतो. इतकंच नाही, तर एखाद्या माणसाचा जीवही पुन्हा जन्म घेऊन फळात येऊन बसलेला असू शकतो, नीट बेराखा म्हणणारा कोणी भेटेल याची वाट बघत. ज्यूंकडेही पुनर्जन्माची कल्पना आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मला हे पटतं का? नाही. मी केळ्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आहेत. स्टार्चचे कण दिसतात, ठिणगी दिसत नाही. पण वर्गीकरणाच्या हट्टाचा अर्थ मला इथे लागला. फळात कोणीतरी वाट बघतंय असं मानलं, तर पत्ता चुकवून चालत नाही. झाडाचं वाक्य जमिनीच्या फळाला लावणं म्हणजे पत्र भलत्याच घरी टाकणं. काका पोस्टातले, त्यांना हे सांगावं लागलं नसतं.

बेराखा या शब्दावरही मध्ययुगातल्या स्पेनमधल्या पंडितांनी बराच विचार केलाय. त्याच्याच जवळचा शब्द बेरेख म्हणजे गुडघा. उभ्याच्या प्रार्थनेत 'धन्य' म्हणताना गुडघा वाकवायचा आणि देवाचं नाव घेताना ताठ व्हायचं असतं. दुसरा शब्द बेरेखा, म्हणजे तळं. श्लोमो इब्न अद्रेत यांच्यासारखे भाष्यकार म्हणाले, देवाला धन्य म्हणणं ही स्तुती नव्हे, ती वाढ आहे. उगमापाशी पाणी वाढवणं. मला आजोळची चिऱ्यांची विहीर आठवते. पहाटे आजोबा फळी काढायचे आणि पाण्याचा पाट सुपारीच्या बागेतून सुटायचा. बागेला पाणी हवं असतं हे खरंच. पण फळी कोणी काढलीच नाही तर विहिरीचाही उपयोग काय?

म्हणजे देवाला माणसाची गरज आहे? असा प्रश्न नास्तिकाने विचारावा. तालमुदने तो आधीच घेतलाय. बेराखोतच्या सातव्या पानावर रब्बी यिश्माएल बेन एलिशा यांची आठवण आहे. ते धूप जाळायला जेरुसलेमच्या मंदिराच्या सगळ्यात आतल्या गाभाऱ्यात गेले. तिथे उंच सिंहासनावर देव बसलेला. तो म्हणाला, यिश्माएल, बाळा, मला आशीर्वाद दे. मग यिश्माएल म्हणतात: तुझी दया तुझ्या रागावर मात करो, आणि तू आपल्या लेकरांशी कायद्याच्या काटेकोरपणाच्या अलीकडे थांबून वागो. देवाने मान हलवली. बस. वृद्ध बाप आजारी असताना रात्री जवळ बसलेल्या मुलाकडे जे मागेल ते इथे देव मागतो, आणि तेही कायद्याच्या पुस्तकात नोंदवलं गेलंय, त्याच पानांच्या आसपास जिथे शमाच्या वेळेवर घोळ चाललाय.

आता मन लावण्याबद्दल. काका मन लावून म्हणायचे का? मला नाही वाटत. पुटपुटायचे, एक डोळा पेपरवर. कावाना, म्हणजे चित्ताची एकाग्रता, हा या परंपरेतला जुना दुखरा भाग आहे. मिश्नाच म्हणते, जो प्रार्थनेला ठरावीक काम करून टाकतो त्याची प्रार्थना विनवणी नव्हे. बाराव्या शतकात मैमोनिदीज या पंडितांनी ठणकावलं: मन नसेल तर ती प्रार्थनाच नाही, पुन्हा म्हणा. आणि सोळाव्या शतकात तेच क्राकोचे इस्सर्लेस, मेजावरचं कापडवाले, काय लिहितात? आजकाल आपण परत म्हणत नाही; कारण दुसऱ्यांदा तरी कुठे लक्ष लागणार आहे! कायद्याच्या पुस्तकातलं इतकं प्रामाणिक वाक्य मी दुसरं वाचलेलं नाही. जगातल्या सगळ्या पुटपुटणाऱ्या काकांना त्यात माफी आहे.

काकूंची गोष्ट निराळी. त्यांना हिब्रू वाचता येत नसे. पुण्या-मुंबईत एकोणिसाव्या शतकापासून हिब्रू आणि मराठी आमनेसामने छापलेली प्रार्थनेची पुस्तकं आहेत. जोसेफ इझिकेल राजपुरकर यांनी कितीतरी प्रार्थनांची भाषांतरं केली, १८७४ साली पुण्यात वल्हांडण या सणाला वाचायची पोथी, हगादा, सचित्र निघाली. काकू डावीकडचं पान सोडून उजवीकडचं मराठी वाचायच्या. देवाला कळतं का हो मराठी, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "कोकणात इतकी वर्षं काय बोलत होतो मग आम्ही त्याच्याशी?"

कायदाही काकूंच्याच बाजूने आहे. शमा, प्रार्थना, जेवणानंतरची बेराखा, कोणत्याही भाषेत चालते. तालमुदमध्ये बिन्यामीन नावाचा मेंढपाळ आहे. भाकरी खाऊन झाल्यावर तो आपल्या अरामी बोलीत म्हणाला, 'या भाकरीचा धनी, तो दयाळू, धन्य असो.' रव नावाच्या मोठ्या पंडितांनी निवाडा दिला, चालेल.

बेने इस्रायलींच्या सांगण्याप्रमाणे त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून वाचले. सात बाया, सात बाप्ये. पोथ्या समुद्रात गेल्या. शमा तेवढा पाठ राहिला आणि शतकानुशतकं जन्मापासून मरणापर्यंत तोच म्हणत राहिले. सणांची नावं मराठी झाली. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विनाशाचा उपास झाला बिरड्याचा रोजा, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं. आणि नवस फेडायला मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा. भोवती फळं, गुलाब. एलियाहू हनावीचं गाणं व्हायचं, मग निरनिराळ्या बेराखा, मग आमच्या हातावर मलिदा. एलियाहू संदेष्टा अलिबागजवळच्या खंडाळे गावातून रथात बसून वर गेला, खडकावर खूण आहे, हे काकू ज्या सुरात सांगायच्या त्या सुरात माझी आजी पंढरपूरबद्दल बोलायची.

काका १९९६ च्या पावसाळ्यात गेले. दुपारी, खुर्चीत. काकूंना उभं केलं, कोणीतरी त्यांच्या पोलक्याला कात्रीची खूण केली, आणि त्यांनी ती फाडत हिब्रूत तीनचार शब्द म्हटले. मला नंतर कळलं, तीही बेराखाच होती. 'धन्य तू… खरा न्याय करणारा.' मिश्ना म्हणते, चांगल्यासाठी म्हणतो तशी वाइटासाठीही बेराखा म्हणणं माणसावर बंधनकारक आहे. मी तेव्हा तिशीची होते आणि मला संताप आला होता. न्याय कसला? आजही तो पूर्ण गेलेला नाही. फक्त इतकं दिसतं, की त्या क्षणी काकूंना स्वतःचं वाक्य सुचणं शक्य नव्हतं, आणि कोणीतरी सतराशे-अठराशे वर्षांपूर्वी ते तयार करून ठेवलं होतं.

सात दिवस घरी प्रार्थना. कदिश, म्हणजे गेलेल्यासाठी म्हणायची प्रार्थना, म्हणायला दहा प्रौढ पुरुष लागतात. पुण्यातले बहुतेक जण तोवर इस्रायलला गेलेले. १९४८ नंतर हळूहळू पेठ रिकामी झाली होती. तिसऱ्या संध्याकाळी मोजले तर नऊ. माझे वडील कोपऱ्यात बसले होते. "मी आहे की," ते हळूच म्हणाले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांचा हात हातात घेतला. "बसा ना तुम्ही. पण दहावा यायचाय." मला ते लागलं. पस्तीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेला माणूस हिशेबात धरत नाही? तो नियम मला अजूनही आवडत नाही, समजला तरी. वीसेक मिनिटांनी एकजण हेल्मेट हातात घेऊन, भिजून आला. सगळे उठले. कदिशमध्ये मृत्यूचं नाव नाही, नुसती देवाच्या नावाची थोरवी, आणि मधूनमधून सगळ्यांचं आमेन. दुसऱ्या आमेनपासून वडीलही म्हणू लागले. कोणी थांबवलं नाही.

आमेनचेही नियम आहेत, असायचेच. बेराखा म्हणणाऱ्यापेक्षा आमेन म्हणणारा थोर, असं तालमुद म्हणतं. अलेक्झांड्रियाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, इतकं अवाढव्य होतं म्हणे, की मागच्यांना ऐकू येत नसे; मग मधल्या लाकडी मंचावरून एक सेवक कापड फडकवायचा आणि हजारो लोक आमेन म्हणायचे. मात्र आमेन घाईत तोडू नये, आणि उशिराही म्हणू नये. आपल्या बेराखेला चुकलेल्या आमेनला नाव आहे: अनाथ आमेन.

काकू आता अश्दोदला मुलीकडे असतात. नव्वदीला आल्या. परवा ऑगस्टमध्ये फोन केला तर म्हणाल्या, थांब, आंबा कापलाय, या वर्षीचा पहिला. तिकडे आंबे जुलैपासूनच येतात, पण बिरड्याच्या रोजाआधीच्या तीन आठवड्यांत नव्या फळाची बेराखा म्हणत नाहीत, म्हणून त्या थांबल्या होत्या. नव्या हंगामाच्या फळाला एक जास्तीची बेराखा असते: 'ज्याने आम्हाला जगवलं, तगवलं आणि या वेळेपर्यंत आणलं.' फोनवर ऐकलेल्या बेराखेला आमेन म्हणावं का, यावर आजच्या पंडितांत दोन मतं आहेत. मी तर मोजणीतलीही नाही.

त्यांनी म्हटलं. आधी झाडाचं वाक्य, मग जास्तीचं. हिब्रूत, पाठ केलेलं, सगळे उच्चार अलिबागचे. मग शांतता. बेराखा म्हटल्यावर घास तोंडात जाईपर्यंत बोलायचं नसतं, हे मला माहीत होतं. लाइन गेली की त्या गप्प आहेत ते कळेना. फोनवरचा आवाज तसाही एक-दोन सेकंद उशिरा पोचतो.

"आमेन," मी म्हटलं.

बराच वेळ काही नाही. मग चोखल्याचा आवाज.

"हापूस नाहीये गं हा," काकू म्हणाल्या. "दोरे लागतायत."